हिरव्या दोरीच्या दोन गाठी

मी, खाली अंगठा उठवणारी, वय एक्याऐंशी, धंदा घरकाम, हे माझं मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि चहा घेऊन झाल्यावर सांगते आहे. परवा डॉक्टरांनी येऊन मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी तीसवर पोचले तेव्हा तेच कंटाळले आणि दाखला लिहून दिला. तो सोबत जोडला आहे.

मला अक्षर येत नाही. मी सांगते आहे आणि माझी नात लिहिते आहे. सुधारायचं नाही, असं तिला बजावलं आहे. ती म्हणाली, "आजी, चहाचं मृत्युपत्रात लिहीत नाहीत." मी विचारलं, "आजवर किती मृत्युपत्रं लिहिलीस?" तिने चहा लिहून टाकला. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. पुढे कोणी एखादं काढून दाखवलं आणि त्यावर माझी सही असली, तर सही आहे एवढ्यावरूनच ते खोटं समजावं.

कलम १. मी कोण, हे लिहावं लागतं म्हणून लिहिते. गरिबांसाठी बँक काढणारे प्रोफेसर माझे यजमान. जगाला ते अर्थतज्ज्ञ, गल्लीला सर, मला नुसते अहो. ते जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर संस्थेच्या लोकांनी मला बत्तीस समारंभांना नेऊन पुढच्या रांगेत बसवलं आणि बत्तीस वेळा शाल दिली. आता मी थकले आहे. ही तक्रार नव्हे. पुढची कलमं कुठे तुटक वाटली तर कारण कळावं, इतकंच.

कलम २. राहतं घर माझ्या नावावर आहे, आणि त्याचं श्रेय एका पत्रकाराला आहे. बँकेच्या कर्जातून बांधलेलं घर बाईच्याच नावावर हवं, असा ह्यांनी नियम केला होता. पत्रकाराने विचारलं, "सर, तुमचं घर कोणाच्या नावावर आहे?" दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नोंदणी कचेरीत रांगेत उभे होतो.

पुढच्या तीन खोल्या आणि माडी माझ्या मुलाला. त्याने बिल्डरला तीन वेळा आणून टेप लावून घर मोजलं, आई झोपली आहे असं समजून. मी झोपले नव्हते, बोलायचा कंटाळा आला होता. त्याने घर विकायचं तर विकावं, पण मागची खोली त्यात धरू नये. तिचं कलम सहामध्ये येईल. तोवर त्याने दम धरावा.

कलम ३. पासबुकातली शिल्लक आणि ठेवीची पावती सुनेला. आमचं दोघींचं फारसं जमलं नाही. तिला माझं बोलणं लागतं आणि मला तिचं न बोलणं. पण ह्यांच्या शेवटच्या दीड वर्षात अंथरुणातलं सगळं तिने केलं, आणि केलं असं एकदाही म्हणाली नाही. मुलाने या पैशांत हात घालू नये.

नातीला या कागदातून काही नाही. लिहिणाऱ्याला मिळालं की लोक बोट दाखवतात, असं वकील म्हणाले. तिला द्यायचं ते मी आधीच हातात दिलं आहे. काय ते सांगणार नाही. वकिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती पक्की लक्षात ठेवावी: जो साक्षीदार म्हणून सही करेल त्याला या मृत्युपत्रातून काहीच घेता येत नाही. म्हणून ज्यांना मला काही द्यायचं नाही अशी दोन माणसं मी साक्षीला शोधते आहे. तशी माणसं पुष्कळ आहेत, पण त्यांना वेळ नसतो.

कलम ४. माझ्या चार सोन्याच्या बांगड्या कोणालाही नाहीत, कारण त्या नाहीत.

ह्यांच्या पहिल्या पुस्तकात आणि नंतरच्या दहांत छापलं आहे की पहिल्या पाच बायकांना कर्ज लेखकाने स्वतःच्या खिशातून दिलं. ह्यांच्या खिशात काय असायचं ते मला विचारावं, कपडे मी धूत होते. खडूचे तुकडे, ग्रंथालयाच्या चिठ्ठ्या, एकदा अर्धं बिस्किट.

झालं असं. परदेशातून मोठी पदवी घेऊन हे कॉलेजात शिकवायला लागले, पैसा जगात कसा फिरतो ते. आमच्या कोपऱ्यावर एक इस्त्रीवाली बसायची. एका सकाळी शर्टाची वाट बघत उभे असताना ह्यांनी सहज विचारलं, "इस्त्री केवढ्याला पडली?" ती म्हणाली, "माझी कुठली, कोळसेवाल्याची. रोजचं भाडं देते." अकरा वर्षं देत होती. ह्यांनी तिथेच पाकिटाच्या पाठीवर गुणाकार केला. तेवढ्या भाड्यात चाळीस इस्त्र्या आल्या असत्या. त्या दिवशी शर्ट न घेताच कॉलेजात गेले, आतल्या बनियनवर कोट चढवून.

मग बँकेत गेले. मॅनेजरने विचारलं, "तारण काय?" हे म्हणाले, "तिचा शब्द." मॅनेजर हसला, आणि एकट्याने हसून पुरेना म्हणून शेजारच्या साहेबांनाही बोलावलं. घरी येऊन हे जेवले नाहीत. न जेवलेला नवरा फार प्रश्न विचारतो. मी बांगड्या काढून समोर ठेवल्या. म्हणाले, "परत कधी हव्यात?" मी म्हणाले, "नकोत." तिथे माझं चुकलं. त्यांच्याच नियमाप्रमाणे हप्ता बांधून घ्यायला हवा होता.

संस्थेला सूचना: पुढच्या आवृत्तीत 'खिशातून' हा शब्द काढून 'बायकोच्या हातातून' असं छापावं. बाकी पुस्तक बरं आहे असं सगळे म्हणतात.

कलम ५. ह्यांचा कोट, दोन चष्मे आणि परदेशातून आणलेली पेटी मुलाला. बटणांचा मोठा डबा सुनेला. बटणं इतकी का आहेत, ते पुढच्या कलमात कळेल. पदकं, मानपत्रं आणि ती बत्तीस शालींची चळत संस्थेला, पण एका अटीवर. अटही पुढच्याच कलमात आहे. सगळं त्या कलमात का साचलं आहे, असं नात विचारते. चौतीस वर्षं साचतंय, म्हणून.

कलम ६. मागची खोली.

पहिल्या पाच बायका दर मंगळवारी या खोलीत जमायच्या. हे वही घेऊन बसायचे. बायका म्हणायच्या, "सर, वहीत तुम्ही काय लिहिलंत ते आम्हाला काय कळणार?" मलाही कळत नव्हतं, म्हणून मला त्यांचं पटलं. मी भिंतीत पाच खिळे ठोकले आणि पाच रंगांच्या दोऱ्या टांगल्या. हप्ता आला की दोरीला एक गाठ. ज्याची त्याने येऊन हाताने मोजावी. हे इतके खूश झाले की त्यावर चार पानं लिहिली. पुढे मंगळवारी दोऱ्या मोजून वही भरायची अशी रीत पडली. म्हणजे खरी वही भिंतीवर होती आणि ती मी लिहीत होते.

दुसरा नियम ह्यांचा. पाच जणी एकमेकींना जामीन. पाचवीचा हप्ता आल्याशिवाय सतरंजीवरून कोणी उठायचं नाही. नियम त्यांचा, सतरंजी माझी.

इस्त्रीवालीची दोरी लाल, कोंबड्यावालीची निळी, शिवणवालीची हिरवी. बाकीच्या दोघींच्या पांढरी आणि पिवळी. शिवणवालीने कर्जातून मशीन घेतलं होतं. वयाने सर्वांत लहान, जिभेने सर्वांत मोठी. मला म्हणायची, "बाई, तुमच्या नवऱ्याला बटण लावता येत नाही आणि देशाचं दारिद्र्य शिवायला निघालेत." मला ती आवडायची.

एका शनिवारी दुपारी निरोप आला की माझ्या आईचं काही खरं नाही. मी वाटेच्या पोळ्यांसाठी कणीक मळत होते. तेवढ्यात शिवणवाली मागच्या दाराशी आली. तिच्या बहिणीचं बाळंतपण होतं. म्हणाली, "दोन मंगळवार नसेन. दोन्ही हप्ते आताच घ्या." पैसे मी हप्त्यांच्या डब्यात टाकले आणि तशाच कणकेच्या हातांनी आत जाऊन दोन गाठी मारल्या. तेव्हा या खोलीला खिडकी नव्हती. हिरवं आणि निळं तिथे एकच दिसायचं. ती एका गाडीने गेली, मी दुसऱ्या.

मी महिनाभर नव्हते. मंगळवारी ह्यांनी दोऱ्या मोजल्या. डब्यातले पैसे आणि एकूण गाठी बरोबर जुळल्या. फक्त निळी दोन गाठी पुढे होती आणि हिरवीला गाठ पडली नव्हती. हे कोंबड्यावालीला म्हणाले, "तुमचे दोन आधीच आलेत." ती म्हणाली, "बरं." तिला मी दोष देत नाही. आजचं काम झालेलं आहे असं कोणी मला सांगितलं असतं तर मीही बरंच म्हणाले असते.

पाचवीची वाट बघत चौघी संध्याकाळपर्यंत सतरंजीवर बसल्या. पुढच्या मंगळवारीही बसल्या. घरी पोरं उपाशी, आणि पाचवीचा हप्ता थकला म्हणून चौघींची पुढची कर्जं अडलेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी शिवणवालीच्या दाराची कडी तोडून मशीन उचललं आणि विकलं. हे कोपऱ्यावर उभे राहून पाहत होते. अडवलं नाही. वहीत लिहिलं, 'गटाने स्वतःहून वसुली केली.'

मी परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "बाई, सांगा ना यांना. तुमच्या हातात दिले मी." मला काही आठवेना. आई गेली होती, त्या शनिवारचं डोक्यात काही उरलं नव्हतं. मी भिंतीकडे पाहिलं. हिरव्या दोरीला वीस गाठी. मी म्हणाले, "गाठ नाही, म्हणजे दिले नाहीत."

ती म्हणाली, "दोरी तुमची, गाठही तुमचीच. माझं काय आहे मग इथे?"

ती गेली ती पुन्हा आमच्या गल्लीत आली नाही. चार गल्ल्या पलीकडे एका दुकानात रोजावर बटणांची काजं करायला लागली.

दोन वर्षांनी बँकेची मोठी इमारत झाली. पहिल्या दोऱ्या काचेत लावायच्या म्हणून मी त्या उतरवल्या. निळ्या दोरीवरून हात फिरवला तर दोन गाठी टणक लागल्या. उजेडात नेऊन पाहिलं. दोन्हींत कणीक वाळून बसली होती. तो शनिवार सबंध आठवला, तिच्या चपलेचा तुटलेला अंगठासुद्धा.

मी ह्यांना दाखवलं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "उद्या मंत्री येणार आहेत. परवा जाऊ तिच्याकडे." तो परवा आला नाही. आधी मंत्री, मग परदेशी पाहुणे, मग बक्षीस. मी नव्या दोऱ्यांना नव्या गाठी मारून त्या काचेत पाठवल्या. पाहुणे त्यांच्यासमोर उभे राहून डोळे पुसतात. खऱ्या दोऱ्या बटणांच्या डब्यात तळाशी आहेत. आणि नव्या नोकरांना शिकवताना पहिल्या दिवशी 'पाचवीची गोष्ट' सांगतात: पाचवी पळून गेली आणि चौघींनी बँक वाचवली. सगळ्या शाखांत सांगतात. मोटारसायकलवर वसुलीला फिरणारी पोरं तीच गोष्ट ऐकून तयार झालेली आहेत. ती बायकांच्या दाराशी काय बोलतात तेही माझ्या कानावर येतं.

मी का गेले नाही? तीनदा गेले, त्या दुकानापर्यंत. ती मान खाली घालून काजं करत होती. तिन्ही वेळा मी बटणं घेऊन परत आले. मग धीर करायला म्हणून दुसऱ्या दुकानांतूनही बटणंच घेत राहिले.

ह्यांनी मला दोनदा अक्षर शिकवायला घेतलं होतं. पहिल्यांदा मला वेळ नव्हता. दुसऱ्यांदा, हे सगळं कळल्यावर, म्हणाले, "तुला लिहिता येत असतं तर हे झालं नसतं." ते खरं होतं, म्हणूनच मी पाटी ठेवून दिली ती कायमची.

शेवटी शेवटी ह्यांना दिसेनासं झालं. त्यांच्याच बँकेने वय झालं म्हणून त्यांना घरी बसवलं होतं. या खोलीत बसून निळ्या दोरीवरून बोटं फिरवायचे आणि त्या दोन गाठींशी थांबायचे. एक दिवस म्हणाले, "एवढं लिहिलं, हे तेवढं लिहिता आलं नाही मला." अकरा पुस्तकांचा माणूस. मी म्हणाले, "अहो, म्हणजे आपण दोघंही निरक्षर." ते हसले. नंतर बराच वेळ हसले नाहीत.

तेव्हा लिहून ठेवते: शिवणवालीने दोन्ही हप्ते वेळेआधी दिले होते. चूक माझ्या हाताची. मला ती कळल्यावर गप्प राहणं आमचं दोघांचं. मागची खोली, तिचं वेगळं दार आणि नव्या मशीनची किंमत शिवणवालीला द्यावी. संस्थेने सगळ्या शाखांत 'पाचवीची गोष्ट' बंद करून त्याजागी हे कलम वाचून दाखवावं. ते केलं तरच पदकं मिळतील. नाही तर नातीने ती मोडीत घालून येतील त्या पैशांची बटणं आणावीत.

कलम ७. बँकेचा तो हसणारा मॅनेजर निवृत्तीनंतर मुलाच्या दुकानासाठी कर्ज मागायला आमच्याच बँकेत आला. ह्यांनी उठून त्याला आपली खुर्ची दिली. मी असते तर दिली नसती. ती खुर्ची अजून घरात आहे. कोणालाही द्या, तिचा एक पाय आखूड आहे.

कलम ८. मी गेल्यावर भाषणं नकोत. शाल तर नकोच.

वरचा मजकूर शुक्रवारी झाला. नातीने चिठ्ठी पाठवली आणि आज मंगळवारी शिवणवाली आली. आता तीही म्हातारी आहे, चष्मा दोरीने गळ्यात. पुढच्या दाराने आली नाही, मागच्या दाराने आली. नातीने वाचायला सुरुवात केली तर म्हणाली, "दे इकडे, मला येतं." मी विचारलं, "कधी शिकलीस?" म्हणाली, "तुम्ही मला खोटी ठरवलीत त्याच वर्षी. म्हटलं, यापुढे आपली पावती आपण वाचायची."

कलम सहा तिने दोनदा वाचलं, ओळीवर बोट ठेवून. मुलगा दारात उभा होता, खोली जाते की काय म्हणून. मी इतकी वर्षं मनात धरलेलं काही बोलायला गेले, तर हात वर करून मला थांबवलं.

"वीस नव्हत्या, एकवीस होत्या."

"काय?"

"गाठी. हिरवीला एकवीस होत्या. बाई, मोजण्यात तुम्ही तेव्हाही कच्च्या होतात."

नातीने डबा उपडा करून हिरवी दोरी काढली आणि मोजली. एकवीसच होत्या. वरचा वीसचा आकडा खोडू नये. माझी दुसरी चूकही तिथेच राहू दे.

मग तिने विचारलं, "साक्षीला कोण आहे?" नात म्हणाली, "डॉक्टर आहेत. दुसरं अजून कोणी मिळालं नाही."

"मी करते सही."

नातीने तिला नियम सांगितला. साक्षीदाराला काही घेता येत नाही. सही केली तर खोली गेली, मशीनचे पैसेही गेले.

"खोली घेऊन काय करू? लेकीचं दुकान आहे, तीन मशिनं आहेत. गुडघे माझे असे." मग माझ्याकडे वळली. "मी पैसे दिले होते, हे कोणीतरी सहीनिशी म्हणायला हवं की नको? सर गेले. तुम्हाला सही येत नाही. मग मीच करते."

मी म्हणाले, "खोली घे ग. माझ्यासाठी घे."

"तुमच्यासाठी नाही घेणार," ती म्हणाली. "खोली दिली की तुम्ही सुटलात. मी सही करते."

म्हणून कलम सहातली मागची खोली आता सुनेला द्यावी, मुलाला नव्हे. या खोलीला मी नंतर पाडून घेतलेली खिडकी तिने बुजवू नये. हप्त्यांविषयीचं, पाचवीच्या गोष्टीविषयीचं आणि पदकांविषयीचं बाकी सगळं आहे तसं राहील.

शिवणवालीने एकच गोष्ट मागितली. हिरवी दोरी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "राहिलेल्या दोन मारा."

माझी बोटं आता वळत नाहीत. पहिल्या गाठीला बराच वेळ लागला. डॉक्टरांना दुसरे रोगी पाहायचे होते, ते घड्याळ बघून उठायला लागले. शिवणवालीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "बसा," ती म्हणाली. "पाचवीचा हप्ता यायचाय." डॉक्टर सतरंजीवर बसले. मुलगाही बसला. दुसरी गाठ बसेपर्यंत कोणी उठलं नाही. खिडकीतून पुरेसा उजेड होता. दोरी हिरवीच होती, मी दोनदा विचारून घेतलं.

हे सगळं मला वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच आहे. दोघा साक्षीदारांच्या देखत मी अंगठा उठवला आणि त्यांनी माझ्या देखत सह्या केल्या.

डाव्या हाताचा अंगठा: प्रोफेसरांची बायको

साक्षीदार १: डॉक्टर (सही वाचता येत नाही)

साक्षीदार २: शिवणवाली, पहिल्या गटातली पाचवी (सही वाचता येते. खाली तिने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे: 'तेवीस गाठी. मोजून घेतल्या.')

लिहिणार: नात

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
वार मंगळवार, तारीख नऊ, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं